वाफेतल्या पाण्याचा अर्धा गुण

सर,

टेलच्या माणसांची तक्रार जुनीच आहे. मी बोलायला उभी राहिले की समोर तीच माणसं बसलेली असतात. त्यांची जमीन कालव्याच्या शेवटच्या टोकाला. वरच्यांचं भागल्यावर जे उरेल ते त्यांनी घ्यायचं, आणि उरलेलं कमी पडलं की "तुम्हालाच शेती जमत नाही" हेही त्यांनीच ऐकून घ्यायचं. आमच्या इंदापूरच्या बाजूला या सगळ्याला एकच शब्द आहे, टेल. या एका शब्दावर मी अर्धं आयुष्य भाषणं केली. पण आज तुम्हाला सांगायचंय ते उलट्या टेलचं आहे. कालव्याच्या टेलला आमच्याकडं पाणी पोचत नव्हतं, आणि वाफेच्या पाइपाच्या टेलला पाणीच पोचत होतं. तुम्ही असता तर आधी पोटभर हसला असता आणि मग चष्मा कपाळावर सरकवून विचारलं असतं, "किती? आकडा सांग."

आकडा आणलाय, सर. पण आधी काय घडलं ते सांगते. आमच्या शिवारात फळांचा आणि टोमॅटोचा गर काढणारा एक कारखाना आहे. त्याचा बॉयलर वरच्या अंगाला, आणि तिथून चार शेतं ओलांडून खाली आमची शेड. आमची म्हणजे कळस आणि आसपासच्या वस्त्यांवरच्या बायकांची. स्वतःच्या रानातला टोमॅटो आणायचा, उकळत्या पाण्याच्या टाकीत सोडायचा, साल सुटली की सोलून पुढं गरासाठी द्यायचा, हे काम आम्ही गटानं घेतलंय. टाकीतलं पाणी तापतं ते कारखान्याकडून येणाऱ्या वाफेवर. पाइपाचं उघडं तोंड थेट पाण्यात सोडलेलं असतं. गेल्या हंगामात टाकी तापायला उशीर व्हायला लागला. सकाळचा माल दुपारपर्यंत पडून राहायचा, आणि कारखान्याच्या मॅनेजरनं सांगितलं की बायका वेळेत काम करत नाहीत, शेड ठेकेदाराला द्यावी लागेल. त्यासाठी सभा बोलावली. त्या शेडवर किती चुली पेटतात हे मी तुम्हाला सांगायला नको. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की कळसच्या बायकांनी पहिल्यांदा स्वतःच्या नावानं घेतलेलं ते काम होतं, आणि ते आळशी ठरवून काढून घेतलं जात होतं.

सभेआधी मी मॅनेजरांना भेटायला गेले. ते मला शेडमधल्या दाबाच्या काट्यापाशी घेऊन आले आणि बोट ठेवून म्हणाले, "ताई, काटा बघा. तीन. आम्ही ठरलं तेवढा दाब देतोय. वाफ पूर्ण आहे. आता हात चालत नसतील तर त्याला मी काय करू?" आणि सर, त्या क्षणी मला तुमचा बारामतीचा वर्ग दिसला. फळ्यावर तुम्ही गोल काटा काढलाय, खडूनं त्याचा बाण तीनवर नेलाय, आणि सगळ्या वर्गाला बजावताय: "काटा तीन म्हणतो, तुम्ही चार वाचायचं. आपल्या डोक्यावर हवा हाय, तिचा दाब काट्याला दिसत न्हाई. आणि दुसरं, काटा फक्त दाब सांगतो. वाफ कोरडी हाय का ओली, हे त्याच्या बापालाबी कळत न्हाई." त्या दिवशी मागच्या बाकावरची पोरं हसली होती. त्या शेडमध्ये मी हसले. मॅनेजरांना वाटलं, बाई रागानं हसतेय.

त्या वर्गात आम्ही दोघीच मुली होतो आणि मी त्यातली बोलणारी होते, हे तुम्हाला आठवत असेल. स्नेहसंमेलनात मी टेलच्या पाण्यावर बोलले. मंडप डोक्यावर घेतला होता. दुसऱ्या दिवशी तुम्ही चाचणीचे पेपर वाटले. ओल्या वाफेतली एकूण ऊर्जा काढायचं गणित होतं. मी कोष्टकात कोरड्या वाफेचा आकडा शोधला, त्याला कोरडेपणाच्या अंशानं गुणलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. तुम्ही अर्धा गुण कापला होता. मी भांडायला टेबलापाशी आले. तुम्ही पेपर हातातही घेतला नाहीत. "काल मंडपात टेलच्या पाण्यासाठी भांडलीस ना? मग इथं वाफेतलं पाणी कुठं सोडून आलीस? कोरडा भाग ऐंशी टक्के म्हणजे उरलेलं वीस टक्के काय शून्य झालं? ते पाणी हाय, उकळतं पाणी हाय, त्याची उष्णता त्याच्यापाशी हाय. इंदापूरची पोरगी आणि पाण्याचा हिशेब विसरती?" मी म्हटलं, "सर, अर्ध्या गुणानं काय होतंय?" त्यावर तुमचं ते वाक्य, जे मी पुढं शेकडो व्यासपीठांवर मनात ऐकलं: "बाई, टाळ्यांनी पाणी तापत न्हाई. ज्या दिवशी खऱ्या वाफेवर हे बरोबर मांडशील, त्या दिवशी ये. अर्धा गुण वाढवून देतो."

वर जाताजाता एक टोलाही दिलात. "तुमच्या टेलला उशिरा का होईना पाणी येतं. आमच्या कऱ्हाटी गावाला आमी कालवा नकाशात बघितला." तेव्हा मला त्याचा राग आला होता. आता कळतं, तुम्हाला स्वतःचं दुःख मोठं करून सांगायचं नव्हतं. तुझं दुःख मोजून सांग, एवढंच तुम्ही म्हणत होता.

नागपंचमीला तुम्ही आम्हा दोघींना घरी बोलावलं होतं. काकू स्वयंपाकघरात दिंडं उकडतायत, पुरणाचा आणि हळदीच्या पानांचा वास दारापर्यंत आलाय, आणि तुम्ही दुसऱ्या शेगडीवर किटली ठेवून आम्हाला ओट्यापाशी उभं करता. किटलीच्या तोंडातून पांढरा लोट येतोय. "दाखव, वाफ कुठाय?" मी लोटाकडं बोट करते. "ते पाणी. बारीक थेंब. आणखी जवळ बघ. तोंडाला लागून, जिथं काहीच दिसत न्हाई, तिथं वाफ हाय. खरी वाफ दिसत न्हाई. दिसायला लागली की समज, तिच्यात पाणी झालं." काकू झाऱ्या हातात घेऊन म्हणतात, "सणाच्या दिवशी तरी पोरींना बसून खाऊ द्या. वाफ बघून पोट भरतंय व्हय?" तुम्ही म्हणता, "तुझी दिंडं वाफेवरच चाललीत की!" त्यावर काकू म्हणतात, "माझी दिंडं माझ्या हातावर चाललीत. वाफ तर तुमच्या डोक्यातबी हाय, तिच्यावर एक पापड भाजला न्हाई आजवर." निघताना तुम्ही मला लाकडी नळकांड्यातला तो काचेचा थर्मामीटर दिलात. म्हणालात, बोलण्याआधी मोजत जा. मी काय मोजलं माहीत आहे? दूध. विरजण लावताना. आमच्या घराच्या दह्याचं गावात नाव आहे ते त्याच्यामुळं.

तर सभा. शेडसमोरच्या अंगणात सतरंज्या टाकलेल्या. मॅनेजर, त्यांच्याबरोबर कारखान्याचा बारामतीत शिकलेला तरुण इंजिनिअर, आमच्या गटातल्या बायका, त्यांची घरची माणसं, आणि गटाची अध्यक्ष आक्का. आक्काचा आवाज असा की बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या गावातली बैलं थांबतात. सगळे माझ्या भाषणाची वाट बघत होते. मी उठले आणि म्हटलं, "आज भाषण नाही. बॅरल आणा." मागून कुणीतरी पुटपुटलं, "ताईला बरं न्हाई वाटतं." भाजीच्या गाड्या भरताना वापरतो तो वजनकाटा आम्ही अंगणात ओढून आणला. त्यावर प्लास्टिकचं बॅरल ठेवलं. त्यात शंभर किलो पाणी. तुमचा थर्मामीटर बुडवला. पंचवीस. इंजिनिअरला बोलावून दाखवला. मग रबरी नळीनं टाकीतल्या पाइपाच्या तोंडाची वाफ बॅरलच्या पाण्यात सोडली. गुरगुर आवाज सुरू झाला. वजन पाच किलोनं वाढलं तशी नळी काढून घेतली, पाणी ढवळलं आणि परत थर्मामीटर. पन्नास.

"आता बघा," मी म्हटलं आणि शेडच्या पत्र्याच्या दारावर खडूनं मांडायला घेतलं. किती उष्णता मिळाली हे पाण्याइतकं खरं कोण सांगणार? शंभर किलो पाणी पंचवीस अंशांनी तापलं. एवढी उष्णता पाच किलो वाफेनं आणली, आणि ती वाफ स्वतः पन्नास अंशांचं पाणी होऊन त्यातच राहिली. हिशेब केला की एका किलोमागं साधारण तेवीसशे किलोज्यूल येतात. वाफ पूर्ण कोरडी असती तर पारा पंचावन्नवर गेला असता. मग कोष्टकाचं पान काढलं. आमच्या गटातल्या एकीची बारावी झालेली सून ओळ वाचायला उभी राहिली. ती काट्याकडं बघून तीनची ओळ वाचायला लागली. मी म्हटलं, "चारची." मॅनेजर ताडकन म्हणाले, "काटा तीन आहे!" मी काही बोलायच्या आत इंजिनिअर म्हणाला, "साहेब, चारच. हवेचा दाब मिळवायचा असतो." सर, तुमचा आवाज मी बारामतीच्या एका पोराच्या तोंडून ऐकला. त्याला शिकवणाऱ्याला कदाचित तुम्हीच शिकवलं असेल.

ओळीत तीन आकडे. उकळत्या पाण्याची उष्णता सहाशे पाच. त्या पाण्याची वाफ व्हायला लागते ती दोन हजार एकशे तेहतीस. दोन्ही मिळून कोरड्या वाफेची दोन हजार सातशे अडतीस. माझ्या तेवीसशेतून सहाशे पाच वजा केले, उरलेल्याला एकवीसशे तेहतीसनं भागलं. कोरडेपणा जेमतेम ऐंशी टक्के. इंजिनिअर उठला. "ताई, थोडी उष्णता बॅरलनंही घेतली असेल." मी म्हटलं, "घेतली असेल. ती तुमच्या बाजूनं धरा. जेमतेम नको, पुरे ऐंशी." तो खाली बसला, आणि मला दिसलं की त्यानं स्वतःच्या मांडीवरचं कोष्टकाचं पान उघडंच ठेवलंय.

आणि आता ती जागा आली, सर. मॅनेजरांनी विचारलं, "म्हणजे वाफेत ऊर्जा किती कमी आली, ते सांगा." आक्का उभीच राहिली. "किती म्हंजे? शंभरातली ऐंशी वाफ, वीस पाणी! पाचवा हिस्सा खाल्ला तुमी! पाचवा हिस्सा!" अंगण पेटलं. "पाचवा हिस्सा चोरला!" बायका टाळ्या वाजवायला लागल्या, पुरुष उभे राहिले, आणि सगळ्या नजरा माझ्यावर. घोषणा तयार होती, सर. आटोपशीर, ठसकेबाज, दोन शब्दांची. मी उभ्या आयुष्यात एवढी चांगली घोषणा हातची सोडली नव्हती. आक्का माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "म्हण की गं! तोंडात पाणी धरलंय व्हय?"

मी हात वर केला. "न्हाई. पाचवा हिस्सा न्हाई."

मी दाराकडं वळले आणि मांडलं. सहाशे पाच, अधिक एकवीसशे तेहतीसचे ऐंशी टक्के म्हणजे सतराशे सहा. बेरीज दोन हजार तीनशे अकरा. "कोरडी असती तर दोन हजार सातशे अडतीस. आली दोन हजार तीनशे अकरा. कमी किती? चारशे सत्तावीस. हा पाचवा हिस्सा नाही. सहावासुद्धा नाही, त्याच्याही थोडं आत. कारण वाफेबरोबर जे पाणी आलं ते रिकाम्या हातानं आलं नाही. उकळतं पाणी होतं, त्यानं आपली उष्णता आणली. ती आपल्याला मिळाली. जे मिळालं ते मिळालं म्हणायचं, आणि जे मिळालं नाही ते सोडायचं नाही. चारशे सत्तावीस. प्रत्येक किलोमागं. ही टाकी आमच्या आळसानं थंड राहिली नाही. टाकी थंड राहिली कारण वाफ थकून येत होती. दारावर लिहिलंय. कुणाला खोडायचं असेल त्यानं खडू घ्यावा."

खडू घ्यायला एकच माणूस उठला, तो इंजिनिअर. दारापाशी आला, आपलं पान माझ्या आकड्यांना लावून बघितलं, आणि मॅनेजरांकडं न बघता म्हणाला, "बरोबर आहे." मग मला हळूच, "ताई, तुम्ही पाचवा म्हणाल म्हणून मी हे पान उघडून बसलो होतो. म्हटलं असतंत, तर तुमचं सगळंच खोटं ठरवून घरी गेलो असतो." सर, मी पुष्कळ वाचलं. जगभरच्या चळवळींचे इतिहास वाचले, हरलेल्यांचे जास्त. त्यातल्या कितीतरी खऱ्या लढाया अशाच हरल्यात. अन्याय खरा असतो, पण कुणीतरी त्याला फुगवतं, आणि समोरचा तेवढा फुगा फोडून खऱ्या अन्यायासकट सगळं उडवून लावतो. अन्यायाला फुगवायची गरज नसते. तो आहे तेवढाच पुरेसा मोठा असतो. हे मी यापुढं प्रत्येक सभेत सांगणार आहे, आणि बॅरल घेऊन सांगणार आहे.

मॅनेजर मात्र लगेच वाकले नाहीत. "आमच्या बॉयलरमधून वाफ कोरडीच निघते. मधे पाणी कुठून आलं?" मी म्हटलं, "चला, चालत बघू." सगळी सभा उठून पाइपाच्या कडेनं चालायला लागली. पहिल्या शेतात पाइपावरचं आवरण पावसानं कुजून लोंबत होतं. ते कारखान्याचं. पुढच्या शेतात, जिथं पाइप खाली झुकतो, तिथं त्याच्या पोटातलं पाणी बाहेर पडावं म्हणून ट्रॅप बसवलेला असतो. त्याच्या अलीकडचा व्हॉल्व्ह कुणीतरी घट्ट बंद करून वर काथ्यानं बांधला होता. पुढचाही तसाच. त्याच्या पुढचाही. "हे कुणी केलं?" मॅनेजरांचा आवाज चढला.

आणि माझ्या मागून तात्या पुढं आले. तात्या म्हणजे कालव्याच्या पाण्यासाठी माझ्या शेजारी उन्हात बसलेला माणूस, टेलच्या लढ्यातला आमचा सगळ्यात जुना गडी. पाइप त्यांच्याच शेतातनं जातो. "मी केलं. व्हय, मीच. रोज बघतोय, हितनं पाणी ठिबकतंय, तितनं ठिबकतंय. कुणाला फिकीर न्हाई. टेलच्या माणसाला पाणी वाया जाताना डोळ्यानं बघवतंय व्हय? म्हटलं, वाचवलं तर कुणाच्या तरी कामाला येईल."

आक्का म्हणाली, "तात्या, आलं की कामाला! आमच्याच टाकीत आलं!" आणि जे हसू फुटलं, सर, मॅनेजरसुद्धा पोट धरून हसले. तात्या आधी ओशाळले, मग फुरंगटले. "आधी सांगायचं ना, की ही गळती न्हाई म्हणून! एवढी भाषणं करतीस, हे एक सांगितलं न्हाईस." बरोबर बोलले. जन्मभर थेंबन् थेंब धरून ठेवायला शिकलेल्या माणसाला, काही पाणी सोडून द्यायचं असतं, हे कुणीतरी सांगायला हवं होतं. तिथंच तात्यांनी स्वतःच्या हातानं काथ्या सोडून व्हॉल्व्ह उघडले. प्रत्येक वेळी पाणी भसकन बाहेर पडलं, की ते तोंड फिरवायचे. शेवटचा उघडून म्हणाले, "हे गरम पाणी चर काढून गार करून माझ्या घासाला घेतलं तर चालंल का?" इंजिनिअर म्हणाला, "पळंल, तात्या." तात्यांच्या घासाचा तो वाफा आता शिवारात सगळ्यात हिरवा आहे.

कारखान्यानं नवं आवरण चढवलं. ठेकेदाराचा विषय मॅनेजरांनी पुन्हा काढला नाही. पुढच्या सभेत त्यांनी स्वतःच म्हटलं की शेड बायकांकडंच राहील, आणि दारावरचं गणित पुसू नका, नव्या माणसाला दाखवायला बरं पडतं. ज्या सकाळी पहिल्यांदा नीट वाफ आली त्या सकाळी टाकी तापल्यावर मी पाइपाचं तोंड पाण्याबाहेर काढून वर धरायला सांगितलं. सगळ्या बायकांना लांब, गोल उभं केलं. "दाखवा, वाफ कुठाय?" सगळ्यांनी पांढऱ्या लोटाकडं बोट केलं. आणि मी त्यांना दाखवलं, तोंडाला लागून, हातभर, जिथं काहीच दिसत नव्हतं. आक्का डोळे बारीक करून बघत राहिली आणि म्हणाली, "अगं बया, न दिसणारंच काम करतंय की!" मी म्हटलं, "आपल्यासारखंच." त्यावर ज्या टाळ्या पडल्या, त्या मी घेतल्या, सर. पाणी आधीच तापलं होतं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही. तुमच्यामागं काकूही गेल्या, तुमच्या घरात आता दुसरी माणसं राहतात. लिहून झालं की त्या लाकडी नळकांड्यात थर्मामीटरभोवती गुंडाळून ठेवेन. विरजणाच्या वेळी हाताला लागत राहील. एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. आक्का ओरडली तेव्हा "पाचवा हिस्सा" हे शब्द माझ्याही ओठांवर आले होते. पहिलं अक्षर उच्चारायला तोंड उघडलंही होतं. तिथं तुमचा अर्धा गुण आडवा आला, नाहीतर मी म्हणून गेले असते.

पण म्हटलं नाही. खऱ्या वाफेवर मांडलं, पाण्यासकट मांडलं. तेव्हा आता पेपर काढा, सर, लाल पेन उघडा, आणि तो अर्धा गुण वाढवा.